म्वापेचा कोबा

१

आमच्या लुआन्श्या गावातल्या तांब्याच्या खाणीच्या वसाहतीतली घरं सगळी एका साच्याची आहेत. पत्र्याचं छप्पर, पुढे छोटा ओटा, आत दोन खोल्या नि स्वयंपाकघर, आणि सगळीकडे लाल कोबा. घर सारखंच असल्यामुळे कुणाचा कोबा कसा आहे यावरून बायका एकमेकींची किंमत करतात. आमच्या मायोचा, म्हणजे आईचा, कोबा वसाहतीत नावाजलेला होता. पाद्रीबाबा आले तरी दारात वाकून बुटाच्या नाड्या सोडायचे. माझा नवरा ब्राइटन लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तो मोज्यांवर घसरला आणि थेट माझ्या वडिलांच्या पायाशी जाऊन पडला. वडील म्हणाले, मुलगा फारच नम्र दिसतो.

हा कोबा असा राहायचा तो गुडघ्यांच्या जिवावर. रोज झाडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं. मग डब्यातलं लाल पॉलिश फडक्यावर घेऊन लावायचं आणि ब्रशनं घासून घासून चमक काढायची. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची नि मागे मागे सरकत दारापर्यंत यायचं. मायोनं उभं आयुष्य हे केलं. तिचे गुडघे सुजून कायमचे बसले तेव्हा माझी धाकटी बहीण म्वापे अजून प्राथमिक शाळेत होती. ब्रश तिच्या हातात गेला तो गेलाच.

मी थोरली, कालूबा. लग्न करून एन्डोलाला गेले, तिथे बालवाडीत शिकवते. मी आळशी नाही, पण एखादं काम सोपं होण्यासारखं असेल तर ते मुद्दाम अवघड का करायचं हे मला कधीच कळलेलं नाही. दर सुट्टीत मी या कोब्यावर काहीतरी नवीन प्रयोग घेऊन यायची. ब्रशला पट्टा शिवून तो पायात घालायचा. जुन्या घोंगडीवर शेजारची पोरं बसवून ती खोलीभर ओढायची. बाटलीतलं पातळ पॉलिश आणलं, लांब दांड्याचा मॉप आणला. म्वापे हसून हसून लोळायची. "याया, तू बालवाडीतच शोभतेस," म्हणायची. याया म्हणजे ताई. मायो खुर्चीवर बसून माझा मॉप बघायची आणि विचारायची, "पुसतेयस की जमिनीला लांब ढकलतेयस?" मग म्वापे पदर खोचावा तसं कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड घट्ट करून गुडघ्यांवर बसायची आणि माझं सगळं पुन्हा करायची.

म्वापे एकोणीस वर्षांची होती. जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात, तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि ती गेली. यापेक्षा जास्त माझ्याच्यानं लिहवत नाही.

२

मयताचा आठवडा संपल्यावर मला कामावर जावं लागलं. वडील आधीच वारले होते, त्यामुळे मायो एकटी राहिली. एन्डोलाला चल म्हणून मी किती विनवलं, पण ती एकच म्हणायची, घर कोण बघणार. शेवटी ऑगस्टच्या सुट्टीत मी माझी मुलगी म्विला हिला बापाकडे ठेवलं आणि महिनाभर राहायच्या तयारीनं आले. येताना चांगला पिळायच्या बादलीसकट मॉप घेऊन आले. ऑगस्टात आमच्याकडे लाल धूळ उडते, घरात सगळीकडे तिचा थर बसतो. मायोला वाकता येत नाही. तेव्हा कोब्याची काय अवस्था झाली असेल याची मी मनाशी तयारी केली होती.

दार उघडलं तर खिडकीची चौकट कोब्यात दिसत होती.

मला आधी राग आला. मला वाटलं म्हातारी हट्टाला पेटून गुडघे टेकतेय. संध्याकाळी तिचे पाय चेपायला बसले तेव्हा मुद्दाम नीट पाहिलं. गुडघे सुजलेले होते, पण त्यांच्यावर लाल डाग नव्हता. नखांत लाली नव्हती. ते पॉलिश एकदा नखात गेलं की आठवडाभर निघत नाही, हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. मायोची नखं कापड विकणाऱ्या बाईसारखी स्वच्छ होती.

कोणाला कामाला ठेवलंयस का, असं विचारलं. नाही म्हणाली. मग कोण करतं, म्हटलं. "होतं कसंतरी," असं म्हणून तिनं पाय आखडून घेतले.

शेजारच्या बाना चिसांगांना विचारलं. बाना म्हणजे अमक्याची आई. मुलांच्या नावानंच आमच्या बायका ओळखल्या जातात. बाना चिसांगांची जीभ तिखट, पण मयताच्या वेळी आठवडाभर चूल त्यांनीच सांभाळली होती. त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, मला वाटलं तूच एखादी मुलगी लावून दिलीस. घासल्याचा आवाज येतो की कुंपणापलीकडून. मी विचारलं, मुलगी पाहिलीत का कधी? त्यांनी चिमटा तोंडातून काढला, जरा विचार केला, आणि नाही म्हणाल्या.

३

सकाळी मी मायोच्या आधी उठायला लागले. काही उपयोग झाला नाही. उजाडताना मी बाहेरच्या खोलीत यायची तेव्हा काम झालेलं असायचं, आणि कोब्याला तो वास असायचा, रॉकेल आणि मेणाचा मिळून येतो तो. डबा फळीवर जागच्या जागी, फडकं घडी घालून त्याच्यावर.

एकदा ऊन दारातून तिरकं आत आलं. तिरक्या उन्हात घासल्याचे फराटे दिसतात. घासणाऱ्याचा हात जसा फिरतो तशा अर्धवट गोल रेघा उमटतात. मायोच्या रेघा मी लहानपणापासून पाहिल्या होत्या, त्या उजवीकडे उघडतात. या डावीकडे उघडत होत्या. आमच्या घरात डावखुरी एकच होती.

मी तिथे उभी राहून स्वतःला बरंच काही समजावलं. डावखुऱ्या मुली जगात काय थोड्या आहेत. मायोनं कुणाला तरी ठेवलंय आणि पैसे देते हे मला सांगायला तिला लाज वाटतेय. माणूस दुःखात असलं की त्याला जिकडेतिकडे आपलं माणूस दिसतं. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मी ते पटवून घेतलं.

मग शनिवारी संध्याकाळी मी नवा मॉप काढला आणि पातळ पॉलिशनं सगळा कोबा उभ्यानं पुसला. पुसला कसला, ओरबाडला. ओल्या पट्ट्या वाळून त्यांचे डाग पडले, कोपरे तसेच राहिले. रविवारी सकाळीही ते डाग तसेच होते, कारण मी खोलीतच सोफ्यावर झोपले होते. मायोनं पाहिलं आणि वहाणा पायात सरकवल्या. आम्ही चर्चला निघालो. मी स्वतः दोन्ही दारांना कुलूप लावलं आणि किल्ल्या माझ्या पर्समध्ये टाकल्या.

दुपारी परत आलो. कुलूप मीच उघडलं. एकही डाग नव्हता. कोपऱ्यांसकट सगळा कोबा आरशासारखा झाला होता आणि पॉलिशचा वास अजून ओला होता.

मी उंबऱ्यावरच थबकले. मायो मागून आली, तिनं वहाणा काढल्या, भिंतीला धरून आत एक पाऊल टाकलं आणि रिकाम्या खोलीकडे बघून हळूच म्हणाली, "छान झालंय हं." पोर शाळेतून चांगले मार्क घेऊन आली की म्हणावं, तसं. माझ्या अंगावर काटा आला तो त्या वाक्यानं, कोब्यानं नव्हे.

४

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात सुके मासे निवडत बसली होती. कपेन्टाची इवलीशी डोकी मोडून बाजूला टाकत होती. मी समोर बसले आणि विचारलं.

"कोण करतं गं मायो?"

"विचारतेस कशाला? तुला ठाऊक आहे."

ती आणखी काही मासे मोडत राहिली. मग आपणहूनच सांगायला लागली. मयताची माणसं गेली त्या दिवसाचं होतं ते. मीही दुपारच्या बसनं गेले होते. आठवडाभर एवढी माणसं घरात वावरलेली, बाहेर पाऊस. कोब्यावर चिखल होता, राख होती, सांडलेल्या लापशीचे पापुद्रे होते.

"मी दारात उभी राहिले," मायो म्हणाली, "आणि तोंडातून निघून गेलं बघ. इतक्या वर्षांची सवय. 'म्वापे, जमीन बघ गं कशी झालीय,' म्हटलं. म्हटलं आणि हातानं तोंड दाबलं. सकाळी उठले तर झालेली होती."

मला मातीपाशी बोललेले मामांचे शब्द आठवले. आमच्यात पुरल्यावर घरचं वडीलधारं माणूस मेलेल्याला सांगतं, की तुझं इथलं सगळं झालं, आता नीज. मामांनी तिला तसं सांगितलं होतं. आणि आईनं आठवडा सरतो न सरतो तोच तिला कामाला हाक मारली होती.

"तिला कधी कुठलं काम दोनदा सांगावं लागलं नाही," मायो म्हणाली.

मी म्हटलं, मग आता बस म्हणून सांग तिला. सहा-सात महिने झाले, मायो. सांगून टाक.

तिनं हातातला मासा टोपलीत ठेवला. "आणि मग?"

"मग ती निजेल."

"मग ती यायची नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्याकडे ब्राइटन आहे, म्विला आहे. मी रविवारी चर्चमध्ये बसते तेव्हा मला माहीत असतं की घरी कुणीतरी आहे. सकाळी मी अंथरुणात असते आणि पलीकडून घासल्याचा आवाज येतो. मी उठत नाही. मुद्दाम उठत नाही. तेवढंच आहे माझ्याकडे. ते तू मला स्वतःच्या तोंडानं घालवायला सांगतेस?"

मला तिची इतकी दया आली की मी उठून तिच्या शेजारी बसले आणि मासे निवडायला लागले.

५

पण मी शिकवणारी बाई आहे. ऐकलेल्यावर विसंबायची मला सवय नाही. पुढच्या रविवारी गायनवृंद उभा राहिल्यावर मी डोकं दुखतंय म्हणून मायोला सांगितलं आणि चर्चमधून निघाले. वसाहतीत चिटपाखरू नव्हतं, सगळे प्रार्थनेला गेलेले. मी मागच्या बाजूनं आले, स्वयंपाकघराचं कुलूप आवाज न करता काढलं आणि पायताण हातात घेऊन आतल्या दाराशी जाऊन उभी राहिले.

आवाज येत होता. ब्रशचा. चार-पाच लांब हात, मग जरा थांबणं, मग गुडघे मागे सरकल्याचा फरपटता आवाज. पुन्हा हात. मला तो आवाज इतका ओळखीचा होता की क्षणभर मला भीती वाटायची राहूनच गेली.

खोलीत कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. लख्ख उजेड होता, पडदे उघडे होते, सोफा, खुर्ची, टेबल सगळं मला दिसत होतं. समोरच्या भिंतीकडचा अर्धा कोबा चमकत होता आणि अलीकडचा अर्धा सकाळच्या धुळीनं मंद होता. आणि चमकणारा भाग वाढत होता. एकेक गोल फराटा उमटायचा, त्याच्या शेजारी दुसरा, आणि ते माझ्या दिशेनं येत होते. प्रत्येक वेळी फराट्यांच्या अलीकडे धुळीत दोन ठसे उमटायचे, वाटीच्या तोंडाएवढे. मग पुसले जायचे आणि हातभर मागे पुन्हा उमटायचे.

काम सरकत सरकत दारापर्यंत आलं. मी ज्या दारात उभी होते त्या दारापर्यंत. आणि थांबलं.

आवाज बंद झाला. माझ्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर चमक संपत होती. मी वाट पाहिली. समोरूनही कुणीतरी वाट पाहत होतं. किती वेळ कोण जाणे. मग मला कळलं की मी मध्ये उभी आहे. लहानपणी आम्ही अशाच मध्ये मध्ये उभ्या राहायचो आणि घासणारी बाई ब्रश तसाच धरून थांबायची, न बोलता, आपण बाजूला होईपर्यंत.

मी एक पाय उचलून मागे घेतला, मग दुसरा. ब्रश पुढे आला आणि माझे पाय होते तिथली जागा घासून गेला.

६

मी मायोला सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आवरेना. एकोणीस वर्षांची पोर, म्हटलं, जिवंतपणी गुडघ्यांवर आणि मेल्यावरही गुडघ्यांवर. तुला बघवतं कसं?

"मला दिसलं नाही कधी," मायो म्हणाली. "मी कधी जाऊन बघितलंच नाही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातलं काही उचलून खाल्लं होतं. "ठसे कसे दिसले?"

"लहान."

तिनं आपल्या सुजलेल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुला काय करायचं ते कर, कालूबा. पण मी तिला जा म्हणून सांगणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही ते."

आता माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. अवघड रस्ता दिसला की मी शेजारची पायवाट शोधते. मी विचार केला, मायोनं सांगायची गरजच काय? ज्या कामासाठी हाक मारली ते कामच उरलं नाही तर म्वापे आपोआप मोकळी होईल. कोबाच नाही तर घासणार काय? कोब्यावर चिनी मातीच्या फरश्या बसवायच्या, म्हणजे बोळा फिरवला की झालं, पॉलिश नको नि ब्रश नको. मायोलाही आराम. मला हे इतकं सरळ वाटलं की मी त्याच दिवशी दुकानात जाऊन फिक्या पिवळट फरश्या बघून आले.

फरशीवाला लॅकसन बोलका होता. मायो खुर्ची घेऊन बाहेर अंगणात बसली होती, पाठ घराकडे करून. लॅकसन लाल कोब्यावर छिन्नीनं टोचे पाडत होता, फरशीला पकड यावी म्हणून, आणि प्रत्येक घावाला मायोचे खांदे हलत होते. काम संपल्यावर तो मला म्हणाला, "बाना म्विला, आता या घरात गुडघे टेकायचे ते फक्त प्रार्थनेला." मी हसले. पॉलिशचा डबा आणि ब्रश मी बाना चिसांगांना देऊन टाकले. फडकं जाळलं.

७

दोन-चार दिवस काहीच झालं नाही. मी सकाळी ओला मॉप फिरवायची आणि चहाचं पाणी उकळायच्या आत काम संपायचं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मायो मात्र बसल्या जागी कान देऊन असायची. न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा मोडायची आणि आमटीत बुडवून तसाच ठेवून द्यायची. एकदा म्हणाली, दाराशी येऊन परत जात असेल का गं ती? मी म्हटलं, निजली ती, मायो, झालं आता. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं.

रविवारी चर्चहून आलो. मी दार उघडलं आणि मायोला आत जाऊ द्यायच्या आधी हात आडवा घातला.

फरश्यांवर लाल फराटे होते. डावीकडे उघडणारे. भिंतीपासून दारापर्यंत नव्हते. सगळे समोरच्या भिंतीपाशीच होते, एका ठिकाणी, एकावर एक, शंभरदा घासल्यासारखे. चमक काही आली नव्हती. फरशीला पॉलिश लागत नाही. तिला कोण सांगणार होतं हे? तिला कामाला बोलावलं होतं आणि काम पुरं होत नव्हतं. पुरं झाल्याशिवाय मागे सरकता येत नाही, म्हणून ती तिथेच घासत बसली होती. फराट्यांच्या अलीकडे दोन गुडघ्यांच्या जागा होत्या, त्याही लाल.

घरात पॉलिश नव्हतं. वासही नव्हता, ना रॉकेलचा ना मेणाचा. ते लाल कशाचं होतं हे मी वाकून पाहिलं नाही. मी मॉप आणला आणि पुसलं, आणि बादलीतलं पाणी बघायचं टाळून ते मोरीत ओतलं. अवघड काम सोपं करायला निघाले आणि माझ्याच बहिणीला कधी न संपणारं काम देऊन बसले. त्या दिवशी मी जेवले नाही.

८

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या अंगणात कपडे धूत होतो. मी धूत होते, मायो खुर्चीवर बसून पिळत होती. तेव्हा घरातून आवाज सुरू झाला.

तो पहिल्यासारखा नव्हता. चार लांब हात नि विसावा असं नव्हतं. आखूड, घाईघाईचं, न थांबता घासणं. घरी पाहुणे येणार आणि काम झालेलं नाही, अशा वेळी मुली घासतात तसं. मध्ये श्वास लागल्यासारखा एक आवाज आला आणि पुन्हा घासणं सुरू झालं.

मायोच्या हातातला पीळ सुटला. मी तिला अनेक वर्षांत आधाराशिवाय उठताना पाहिलं नव्हतं. ती उठली आणि भिंत न धरता आत गेली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. त्याच्या पुढे माझा धीर झाला नाही.

मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती समोरच्या भिंतीपाशी गेली आणि खाली बसायला लागली. आधी एक गुडघा. तिच्या तोंडून कळ निघाली, पण ती थांबली नाही. मग दुसरा. आवाज चालूच होता, तिच्या अगदी पुढ्यात. तिनं उजवा हात पुढे केला आणि ठेवला. तिचा हात हलायला लागला. पुढे मागे, पुढे मागे, भराभर, दुसऱ्याच्या कामकरी हातावर आपला हात ठेवला की आपलाही हलतो तसा.

"पुरे गं बाळ," मायो म्हणाली.

हात हलतच होता.

"झालं. बघ, सगळं झालं. छान झालंय. इतकं छान कुणाचंच नसतं." तिचा हात जरा मंद झाला. "मी चुकून हाक मारली, म्वापे. सवयीनं. तू आपली आलीस. आता नाही मारणार. पाहुणे गेले, भांडी झाली, जमीन झाली. ऊठ आता. गुडघे दुखले असतील तुझे. जा, नीज जा."

आवाज थांबला. मायोचा हातही थांबला. ती तशीच बसून राहिली, मान वाकवून, आणि तेव्हा मला दिसलं की तिचा तळवा फरशीला टेकलेला नाही. मुठीएवढा वर आहे, कशावर तरी विसावलेला.

मग तो हळूहळू खाली आला आणि फरशीला टेकला.

९

मला मायोला उठवता येईना. ती उठायला तयार नव्हती. पाय लांब पसरून भिंतीला टेकून ती फरशीवर बसली आणि समोर बघत राहिली. काही खातेस का, झोपतेस का, मी विचारत होते; तिला ऐकू येत होतं की नाही कळत नव्हतं.

दुपारी बाना चिसांगा कुंपणावरून डोकावल्या, उत्तर मिळालं नाही म्हणून ओट्यावर आल्या. दारातून मायोला जमिनीवर बसलेलं पाहून म्हणाल्या, "काय झालं हो, बाना कालूबा? पडलात की काय?"

मायोनं त्यांच्याकडे पाहिलं. "माझी म्वापे गेली," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाना चिसांगांनी माझ्यासोबत म्वापेच्या देहाला शेवटची आंघोळ घातली होती. तिची शवपेटी निघाली तेव्हा मायोला धरून त्याच उभ्या होत्या. आता त्या काहीतरी बोलतील, म्हातारीला वेड लागलं म्हणतील, मला बाजूला नेऊन दवाखान्याचं विचारतील, असं मला वाटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मायोकडे. काही न विचारता त्यांनी वहाणा काढल्या, आत आल्या आणि मायोची खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. परत आल्या आणि टेबल नेलं. मग सोफ्याच्या एका टोकाशी वाकून उभ्या राहिल्या आणि मला मानेनं खूण केली. मयत झालेल्या घरात आम्ही पहिलं काम हेच करतो. खोली रिकामी करतो, बायकांना जमिनीवर बसायला जागा व्हावी म्हणून. मी सोफ्याचं दुसरं टोक धरलं.

खोली रिकामी झाल्यावर बाना चिसांगा मायोच्या शेजारी फरशीवर बसल्या, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि म्वापेचं नाव घेऊन पहिला हंबरडा त्यांनीच फोडला. तेव्हा कुठे मायो रडली.